आल्याचं विरजण

सोडा प्यायला जायचं तर सायकलनेच, हा आमच्या यजमानांचा नियम. बसने गेलं की तहान खोटी असते, असं त्यांचं म्हणणं. माणूस खिडकीशी बसून वारा खात येतो, घशाला कसली म्हणून गरज नसते, मग बाटलीतलं चांगलंवाईट त्याला काय कळणार? मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. हा सिद्धांत सिद्ध करून दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "चल, दाखवतो." असे आमचे रविवार सुरू झाले.

ती वर्षं मोठी गमतीची होती. देशाची दारं उघडली म्हणे, आणि टीव्हीवर रोज नवा साबण, नवी मोपेड, नवा बिस्किटाचा पुडा. आमच्या तंजावुरात मोठ्या देवळाजवळच्या चहावाल्यानेसुद्धा रंगीत टीव्ही आणून ठेवला होता. पण शहराबाहेर पडून कालव्याच्या बांधाला लागलं की जुनंच राज्य. भातशेतं, नारळी, बगळे, आणि दर दोनचार गावांआड एक सोड्याचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, एक विहीर, गॅसची एक टाकी आणि हाताने फिरवायचं चाक. बाटलीत गोटी. अंगठ्याने ती आत दाबली की फस्स होऊन अर्धा सोडा अंगावर, अर्धा पोटात.

मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटायचं. वेण्णार नदीपलीकडे एक जण होता, तो प्रत्येक बाटली राखेने घासून झाल्यावर आत नाक घालून वास घ्यायचा, आणि जरा शंका आली तर पुन्हा राखेत. वल्लमच्या बाजूला एक म्हातारा गुलाबपाण्याचा पन्नीर सोडा करी. गुलाबपाणी इतकं बेताचं घाली, की पहिल्या घोटाला काही कळायचं नाही आणि शेवटच्या घोटाला आणखी एक बाटली मागावीशी वाटायची. कोणी अनंतमुळाचा काढा घाली, कोणी लिंबू. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमारास, कालव्याला कावेरीचं पाणी आलं की काठच्या विहिरी गोड व्हायच्या आणि त्याच माणसाचा तोच सोडा निराळा लागायचा. हे मला यजमानांनी शिकवलं. मी आधी हसले, मग एका वर्षी माझं मलाच कळलं आणि हसायचं बंद केलं.

पण या सगळ्यांत राणी होती ती आच्ची.

आमच्याकडे वयस्क बाईला तमिळमध्ये आच्ची म्हणतात, आणि तिला सगळा गाव तेच म्हणायचा. तंजावुरहून ओरत्तनाडुकडे जाताना वाटेत, अगदी कालव्याला लागून तिची शेड. आमची माणसं मराठी राजांच्या काळापासून इथली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी वाचणारे आमच्यात थोडेच उरलेत. मला आजोबांनी कान धरून शिकवलं म्हणून हे लिहू शकते. आच्चीचं बोलणं अर्थातच सगळं तमिळ. इथे ते मराठीत देते आहे, तेव्हा त्यातली अर्धी मिरची उतरली असं समजा.

आच्ची गोटीचा सोडा करायची, पण तो पोटासाठी. तिची खरी चीज म्हणजे जिंजर. तिच्या आजेसासऱ्याने कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी असताना ती विद्या उचलली होती. आलं उखळात कुटायचं, साखर, लिंबू, विहिरीचं पाणी घालायचं, आणि त्यात विरजण सोडायचं. दह्याला लागतं तसंच आल्याला. तिच्या शेडच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत एक चिनी मातीची बरणी पुरलेली असायची, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात ते विरजण. भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, वर येताहेत, खाली जाताहेत. रोज त्याला चमचाभर साखर आणि चिमूटभर आलं घालावं लागे. आच्ची त्याला "जेवू घालणं" म्हणायची. स्वतःचं जेवण चुकलं तरी त्याचं चुकवायची नाही.

मग ते पाणी काही दिवस आंबवून, गाळून, बाटल्यांत भरून, बुचावर सुतळी बांधून पुन्हा वाळूत. बाटल्या भंगारवाल्याकडून घेतलेल्या बिअरच्या, तपकिरी. उघडली की आधी वास यायचा, मग फेस, आणि मग घशात असा काही चटका बसायचा की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. चटक्यामागून गोडी. त्यामागून ढेकर, तो मात्र पार बेंबीच्या देठापासून. थोडी झिंग येते का, हे पाहायला एकदा गावचा पोलीस आला होता. त्याने एक बाटली प्यायली, विचार करून सांगतो म्हणाला, आणि दुसरी मागितली.

आमच्या नात्यातल्या एका बाईंनी बसच्या खिडकीतून मला कालव्याच्या काठावर तपकिरी बाटली तोंडाला लावलेली पाहिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"बाटली पीत होतीस म्हणे."

"हो."

"आणि आणली नाहीस?"

पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी आणली. त्यांनी पूजेच्या भांड्यासारखी दोन्ही हातांत धरून प्यायली आणि म्हणाल्या, "पोट हलकं झालं. त्या बाईला माझा नमस्कार सांग." तेव्हापासून रविवारी आम्हाला घरून अडवणारं कोणी राहिलं नाही.

आता ज्यावरून सगळं घडलं, ते सांगते.

कालव्याच्याच काठाने पुढे, ओरत्तनाडुच्याही पलीकडे एका गावात जिंजर मिळते असं आमच्या कानावर आलं. एवढ्या लांब जायचं म्हणजे पहाटेच निघायला हवं. गेलो. शेड लहान, स्वच्छ, बाहेर शेवग्याचं झाड. चाळिशीच्या आतली एक बाई, पदर खोचलेला, बोलणं मोजून. तिने बाटली पुढे केली. यजमानांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घेतला. आच्चीच्या जिंजरला ताकद होती, हिच्या जिंजरला ताकद होती आणि शिवाय काहीतरी हळवं होतं, जिभेवर रेंगाळणारं. खोटं कशाला सांगू, मला हिची अधिक आवडली.

आणि माझा स्वभाव असा की मनात आलं ते ओठांवर येतं. परतताना आच्चीकडे थांबलो आणि मी तिला सांगून मोकळी झाले, की आच्ची, रागावू नका, पण तिकडे खाली एक बाई आहे, तिची जिंजर तुमच्यापेक्षा बरी आहे. यजमानांनी माझ्या पायावर पाय दिला. तोवर उशीर झाला होता.

मला वाटलं आता बाटली डोक्यात बसते. आच्ची बुचांना सुतळी बांधत होती, ती बांधतच राहिली. मग एक गाठ आवळून तिने विचारलं, "ती बाई बारीक झाली आहे का?"

ती तिची मुलगी होती.

हकिगत साधी होती. विरजण सासूने सुनेला द्यायचं, अशी त्यांच्या घरची रीत. दिवा लावून, हातातून हातात. लेकीला द्यायचं नाही, कारण लेक ते दुसऱ्या घरात घेऊन जाते. आच्चीने तिच्या सासूला तसा शब्द दिला होता. मुलगी लहानपणापासून शेडमध्येच वाढलेली. कोणतं आलं कोवळं, कोणतं जून, हे तिला आईपेक्षा आधी कळायचं. लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, मला दागिना देऊ नको, भांडी देऊ नको, चमचाभर विरजण दे. आच्ची नाही म्हणाली. मुलगी गेली. नवऱ्याच्या घरी तिने रोज आलं कुटून, साखर घालून, कुजलं की फेकून, पुन्हा कुटून, आपलं स्वतःचं विरजण उभं केलं. आईच्या दारी ती परत आली नाही. दर पोंगलला भाऊ ऊस, हळद, तांदूळ, गूळ असं माहेरचं सीर घेऊन जायचा. ती घ्यायची, भावाला जेवू घालायची, आणि आईचं नाव काढायची नाही.

"तुम्ही शब्द दिला होता, तुमचं तरी काय चुकलं," मी म्हटलं.

"माझं चुकलं असं मी कुठे म्हटलं?" आच्ची फणकारली. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी म्हणालीस ना? कशी बरी? नीट सांग."

मी सांगितलं. तिने मला तीनदा सांगायला लावलं.

त्यानंतर दर खेपेला तोच उद्योग. आम्ही दोन्हीकडे जायचो, आणि आच्चीला तिकडची बातमी हवी असायची. आलं कुठलं वापरते? बाटल्या कुठे ठेवते? मुलं किती मोठी झाली? हे सगळं जिंजरच्या चौकशीत गुंडाळून विचारायची. गंमत म्हणजे मुलगी काहीच विचारायची नाही, पण आम्ही आच्चीकडून आलो असं म्हटलं की दोन बाटल्या जास्त उघडायची आणि आम्ही बोलत राहावं म्हणून समोर बसून राहायची. एकदा यजमानांनी मुलीकडची एक बाटली आच्चीला चाखायला न्यायची ठरवली. पिशवीत घालून हँडलला अडकवली, आणि ऐन चैत्राच्या उन्हात, खडबडीत बांधावरून, मोठ्या ऐटीत निघाले. कालव्याच्या पुलावर ती फुटली. एवढा आवाज झाला की पुलावरच्या दोन म्हशी उधळल्या. यजमान आल्यात न्हाऊन उभे. तसेच आच्चीकडे गेलो. तिने त्यांच्या सदऱ्याची बाही हातात घेऊन वास घेतला आणि ती आत गेली.

मग कोला आला.

म्हणजे टीव्हीवर आधीच आला होता, आमच्या बांधावर पोचायला थोडा वेळ लागला. दुकानदारांना कंपनीकडून लाल रंगाची शीतपेटी मिळायची. अट एकच, आत दुसऱ्या कोणाची बाटली ठेवायची नाही. उन्हातान्हात आलेल्या माणसाला गार हवं असतं. तो गोटीच्या कोमट सोड्याकडे कशाला बघेल? वल्लमच्या म्हाताऱ्याने पन्नीर बंद केला. वेण्णारपलीकडच्या त्या वास घेणाऱ्याच्या शेडला एका रविवारी कुलूप दिसलं. मला इतका संताप आला की मी शाळेत मुलींना कोला प्यायलात तर गणितात नापास करीन म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्या टेबलावर कोलाची बाटली होती.

आणि मग कळलं, आपल्या भागाची कोलाची एजन्सी आच्चीच्या मुलानेच घेतली आहे.

त्याला खलनायक करायचा मोह होतो, पण तो तसा नव्हता. आईचे गुडघे गेलेले त्याला दिसत होते. पहाटे उठून आलं कुटायला तिला दोन हात टेकून उठावं लागायचं. त्याच्या बायकोला त्या आंबूस वासाने मळमळायचं, ती शेडमध्ये पाऊल टाकायची नाही. क्रेट ठेवायला गोदाम हवं होतं आणि रस्त्यालगत शेड आयती उभी होती. "आता बस कर अम्मा," तो म्हणायचा, "किती मरशील?" शेवटी ठरलं. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, शेड रिकामी करायची. भोगीला आमच्याकडे घरातलं जुनं बाहेर काढतात, जाळतात.

"भोगीच योग्य आहे," आच्ची म्हणाली. "मी पण जुनीच."

राहिला प्रश्न विरजणाचा. सून घेणार नाही. शेड गेली की जिंजर होणार नाही, आणि जिंजर झाली नाही तर नुसतं विरजण कशासाठी पोसायचं? दोनचार दिवस खाणं चुकलं की ते मरतं. तीन पिढ्यांच्या सुनांनी जगवलेली चीज भोगीच्या दिवशी कालव्यात जाणार, हे आच्चीला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि देण्यासारखी एकच जागा आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. फक्त तोंडातून कोणी काढत नव्हतं.

मी घरी येऊन सासूबाईंपुढे चिडचिड केली. त्या शांतपणे वाती वळत होत्या. म्हणाल्या, "विरजण म्हणजे काय सोनं आहे, दिल्याने कमी होतं? शेजारीण मागायला आली तर दिवेलागणीनंतर देत नाही, एवढंच. सकाळी देतोच की. सांग तिला." मी तस्सं जाऊन सांगितलं. आच्चीने माझ्याकडे पाहिलं, आणि भोगीच्या आधीच्या रविवारी तिने बरणी वाळूतून काढली, पुसली, नवं फडकं बांधलं आणि माझ्या हातात ठेवली.

"तू नेऊन दे."

मला केवढा आनंद झाला. यजमानांनी बरणी कॅरिअरला बांधायचं सुचवलं. पुलावरची बाटली आठवून मी त्यांना गप्प केलं. झाकण घट्ट लावलं तर फुटेल, सैल ठेवलं तर हिंदकळेल. शेवटी मी बरणी कडेवर घेतली आणि ते दोन्ही सायकली हाकत चालले. तसे आम्ही उन्हातून मुलीच्या गावापर्यंत पायी गेलो. लोक विचारायचे, टीचर, पंक्चर का? मी हो म्हणायची.

मुलीने बरणी ओळखली. लांबूनच ओळखली. हातातली केरसुणी खाली ठेवून ती शेवग्याखाली उभी राहिली. मी बरणी पुढे केली. तिने हात पुढे केले नाहीत.

"हे काय, टीचर?"

"अम्माने पाठवलंय. तुझ्यासाठी. भोगीला शेड बंद होतेय."

"ऐकलं मी." ती बरणीकडे बघत राहिली. "ऊस, हळद अण्णा आणतो, मी घेते. हे तसं नाही. हे हातातून हातात देतात. जिने नाही म्हटलं, तिने येऊन हो म्हणावं. नाहीतर कालव्यात सोडा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्या मराठी घरांत विरजण वाटीत घालून कोणाच्याही हाती धाडतात, शेजारच्या मुलाच्या, मोलकरणीच्या. त्यात कसला विधी आहे हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. दिवा लावून, हातातून हातात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी पाटीवर दिलेलं गणित सोडून भलतंच सोडवत बसावं तशी मी बरणी कडेवर मारून निघाले होते. आणि आच्ची? तिला तर ठाऊक होतं. ठाऊक असूनच तिने मला पुढे केलं. तिचं धाडस झालं नव्हतं.

परत चालत आलो. आच्चीने बरणी परत आलेली पाहिली आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. मी निरोप जसाच्या तसा सांगितला, एक शब्द मऊ केला नाही. यजमान म्हणतात, तिथे तरी करायला हवा होता. मला नाही तसं वाटत.

"माझ्या सासूला शब्द दिलाय मी," आच्ची म्हणाली.

"तुमच्या सासूबाई गेल्या," मी म्हटलं. "मुलगी आहे." एवढंच बोलले आणि भांडण झाल्यासारखी निघून आले. आठवडाभर शाळेत मी फळ्यावर चुका करत होते. भोगीला ती बरणी कालव्यात जाणार, आणि एक आई आणि एक लेक कालव्याच्या एकाच पाण्याच्या दोन टोकांना तशाच बसून राहणार, हे काही मनातून जाईना.

भोगीच्या पहाटे मी रजा टाकली आणि आम्ही निघालो. गावोगाव जुन्या चटया जळत होत्या, बांधावर धूर पसरला होता. आच्चीच्या शेडसमोर मुलाची लाल व्हॅन उभी, आत क्रेट रचलेले. आच्ची बाहेर दगडावर बसलेली. धुतलेलं लुगडं, कपाळाला विभूती, मांडीवर बरणी.

मुलगा म्हणाला, "टीचर, बघा ना. मी म्हणतो व्हॅनमधून सोडतो, तर ऐकत नाही."

"त्या लाल डब्यात हे मरेल," आच्ची म्हणाली. "खडखड किती. टीचर, तुझी सायकल सावकाश चालते ना?"

"आच्ची, माझ्या सायकलीवर बसा," यजमान म्हणाले.

"तुम्ही म्हशी उधळवता, सर."

तर मी. कॅरिअरवर पोतं घडी करून घातलं, मुलाने आईला उचलून बसवलं. तो व्हॅनला चावी न लावता आम्ही वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मी जन्मात कोणाला डबलसीट नेलं नव्हतं. पाठीमागे आच्ची बरणी पोटाशी धरून, आणि तोंड अखंड चालू. डावीकडे घे. खड्डा आहे. खड्डा होता, सांगितलं ना. शाळेत मुलींना असंच शिकवतेस का? मध्येच एकदम गप्प झाली. मी वळून पाहिलं तर फडकं उचलून, साखरेची पुडी सोडून, ती चालत्या सायकलीवर विरजणाला जेवू घालत होती.

ओरत्तनाडु ओलांडल्यावर तिने विचारलं, "नाही म्हणाली तर?"

"तर परत येऊ," मी म्हटलं. मला धाप लागली होती. दुसरं काय सांगणार?

शेवग्याखाली थांबलो. यजमानांनी सायकल धरली, मी आच्चीला उतरवलं. गुडघे आखडले होते, तिला लुगडं सारखं करायचं होतं, म्हणून तिने क्षणभर बरणी माझ्या हातात दिली. तेवढ्यात मुलगी दारात आली.

मी मनातल्या मनात तयारी केली होती, की आता दिवा मागायचा, आता आच्ची शब्द मोडल्याचं सांगेल, आता मुलगी तिला दोन गोष्टी ऐकवेल. मुलीने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुजलेल्या गुडघ्यांवर तिची नजर थांबली.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"कुठली जेवते," आच्ची म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "या टीचरने पहाटेच उचलली."

मुलीने पुढे होऊन तिला काखेत हात घालून धरलं आणि पायरी चढवून आत नेलं. दार उघडंच राहिलं. आत पाट सरकल्याचा आवाज आला, भांडी वाजली, मग कोणीतरी रडलं. कोण ते बाहेर कळत नव्हतं. दोघींचा आवाज एकच होता, हे आम्हाला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

मी अंगणात बरणी घेऊन उभी. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते विरजण घ्यायला कोणाला आठवण नाही. यजमान डोळे पुसत होते आणि धुराने झोंबतात म्हणत होते.

"आता याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

आतून दोघींनी एकदमच हाक मारली, "टीचर, बरणी उन्हात ठेवू नका."

मी ती घेऊन शेडमध्ये गेले. कोपऱ्यात ओल्या वाळूत मुलीची बरणी पुरलेली होती. तिच्या शेजारी वाळूत आणखी एक गोल खळगा केलेला होता, आच्चीच्या बरणीच्या मापाचा, नुकताच पाणी शिंपडून ओला केलेला.